काचणं वेगळं, नायटा वेगळा

आषाढ लागला की भोर-वेल्ह्याकडच्या औषध दुकानांत एक मागणी सगळ्यात हळू आवाजात होते. माणूस आधी मागे वळून बघतो. दुकानात बाईमाणूस असेल तर थांबतो, उगाच डोकेदुखीची एक गोळी घेतो आणि मग म्हणतो, "ते घामानं होतं ना, त्याचं काहीतरी द्या." दुकानदार कुठे, कसं, किती दिवस, काही विचारत नाही. हात मागच्या फळीवर जातो, ट्यूब पुढे येते, अर्ध्या मिनिटात व्यवहार उरकतो.

या अर्ध्या मिनिटावरून माझ्या ओळखीच्या एका भावाबहिणीत जुंपलेली असते. भावाचं भोरमध्ये औषधाचं दुकान आहे. बहीण पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ. तिला सायकलचं वेड लागल्यापासून ती सुट्टीच्या दिवशी कात्रजचा जुना घाट चढून खेड शिवापूर, चेलाडी, कापूरहोळ करत माहेरी येते. दोघांची नावं देत नाही. 'दादा' आणि 'डॉक्टर' एवढ्यावर भागेल. सख्खे बहीणभाऊ असल्यामुळे जांघेतल्या खाजेबद्दल ते जितकं उघड बोलतात तितकं दवाखान्याच्या पडद्याआडही कोणी बोलत नाही. म्हणून त्यांचं भांडण लिहून काढलं.

डॉक्टर: आत्ता तो निळ्या जर्सीतला मुलगा गेला, त्याला काय दिलंस?

दादा: मलम.

डॉक्टर: कुठलं?

दादा: सगळे देतात तेच. एका ट्यूबमध्ये तीन औषधं. एक बुरशीवर, एक जंतूंवर, एक खाजेवर. तिघांतलं एक तरी लागू पडतंच.

डॉक्टर: खाजेवरचं म्हणजे क्लोबेटासॉल. स्टेरॉइड. नाव घ्यायला लाजतोस होय?

दादा: लाजतं गिऱ्हाईक. मी कशाला लाजू?

डॉक्टर: त्याला झालं काय होतं ते पाहिलंस?

दादा: भर बाजारपेठेत चड्डी उतरव म्हणू?

डॉक्टर: बघू नकोस, विचार तरी. मी बाहेर त्याच्याशी बोलले. पुण्याहून निघाला, खानापूरवरून पाबे घाट, खाली वेल्हे, तिथून नसरापूर आणि मग इकडे. शंभराच्या आसपास किलोमीटर, सगळा रस्ता पावसात. आतून साधी चड्डी, तिची शिवण नेमकी मांडीच्या घडीत. आग कधीपासून होतेय विचारलं, तर म्हणाला वेल्हं सोडल्यापासून. अरे, बुरशी अशी दोन तासांत उगवते का? त्याला नुसतं काचलंय.

दादा: मग काचलेल्याला मलम लावल्यानं बिघडलं काय?

डॉक्टर: ज्याला काही मारायचंच नाही त्याला तीन मारेकरी दिलेस, हे बिघडलं. पायडल मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा फिरतं. म्हणजे तासाला पाच हजार वेळा मांडी सीटच्या कडेला घासते. कातडी कोरडी असेपर्यंत सोसते. घामानं, पावसानं भिजली की फुगते, मऊ पडते, मग तेच घासणं तिला सोलून काढतं. वर घाम सुकून मिठाचे कण उरतात, ते चुरचुरतात. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, वर व्हॅसलीन नाहीतर झिंकचं मलम, आणि दोन-तीन दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवायची. जंतुनाशक पाण्याचा मारा करायचा नाही, सोललेल्या कातडीला ते आणखी झोंबतं. पुढच्या वेळी निघण्याआधीच घासणाऱ्या जागी तेलकट थर द्यायचा. संपलं.

दादा: आणि पावडर? तुमची सायकलवाली मंडळी डबेच्या डबे नेतात.

डॉक्टर: घरात बसणाऱ्याला ठीक आहे. पावसात सायकलवर पावडरीचा चिखल होतो, त्याचे गोळे शिवणीत बसतात आणि जास्तच काचतं.

दादा: बरं. उद्यापासून जो येईल त्याच्या हातात व्हॅसलीनची डबी ठेवतो.

डॉक्टर: आणि त्यातल्या नायटेवाल्याची वाट लाव! बुरशीवर व्हॅसलीन थापलं की ओल आत कोंडते. तिला तेच हवं असतं. काचण्याला वंगण लागतं, नायट्याला कोरडेपणा. जागा एकच, उपाय एकमेकांच्या उलट.

मला विचाराल तर सगळ्या वादाची गाठ इथे आहे. आपल्याकडे 'जांघेत झालंय' एवढंच निदान असतं आणि त्यावर 'काहीतरी' लावलं जातं. ओळखायला अवघड काही नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. काचलेलं त्याच दिवशी कळतं. आग होते, खाज कमी असते. शिवण किंवा सीट जिथे लागते तेवढीच जागा लाल होते आणि विश्रांती दिली की आठवड्याच्या आत निवळते. नायटा दबकत येतो. खाज आधी, तीही रात्री जास्त. मग मांडीच्या आतल्या बाजूला गोल किंवा अर्धगोल डाग, ज्याची कड उठलेली, लालसर, कोंडा सुटणारी आणि मधला भाग तुलनेनं स्वच्छ. ही कड बाहेर सरकत जाते, मागे कुल्ल्यांपर्यंत पोचते. अंडकोशाची कातडी मात्र नायटा बहुधा सोडून देतो. तीही लालभडक, ओलसर असेल आणि मोठ्या डागाभोवती बारीक ठिपके विखुरलेले असतील तर ती दुसरी बुरशी, कँडिडा. अशा माणसानं मलमाच्या आधी साखर तपासून घ्यावी. तपकिरी, फारसा न खाजणारा सपाट डाग असेल तर ती बुरशी नसून एक जंतू असू शकतो. त्यावर नायट्याची मलमं लागू पडतीलच असं नाही.

शंका असली की कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बुरशीचे धागे दिसतात. साधी तपासणी आहे, पण ती करायला आधी माणसानं कुणाला तरी दाखवायला हवं.

दादा: दाखवायला हवं! केळदच्या माणसानं कुणाला दाखवायचं? मढे घाटाच्या तोंडाशी राहतो तो. वेल्ह्याला यायचं म्हटलं तरी गाडी मिळेल तेव्हा. तालुक्याचं नाव कागदावर राजगड झालं, म्हणून तिथे त्वचेचा डॉक्टर आला का? तुझ्याकडे पुण्याला यायचं तर दिवसाचा रोज बुडाला, वर जाणं-येणं, तुझी फी. ऐन आवणीत कोण निघतं? दोन रात्री झोप नसते गं त्याला खाजेनं. मी त्याला झोप देतो.

डॉक्टर: झोप देतोस, खरंय. दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते. पण ती लाली, तो कोंडा म्हणजे शरीर बुरशीशी भांडतंय त्याची खूण. स्टेरॉइड त्या भांडणाचा आवाज बंद करतं. बुरशी तिथेच असते, आता तिला अडवणारं कुणी नसतं. ट्यूब संपली की दुप्पट जागेवर उठते. माणूस परत तुझ्याकडे येतो आणि म्हणतो, "मागचंच द्या, लागू पडलं होतं." असं तीन-चारदा झालं की ती गोल कडसुद्धा राहत नाही. माझ्यासारखीलाही बघून ओळखता येत नाही. आणि क्लोबेटासॉल म्हणजे स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल. मांडीच्या घडीत कातडी मुळात पातळ, वर घडीत औषध कोंडून जास्त मुरतं. काही आठवड्यांत कातडीला भेगांसारखे पांढरे-जांभळे वळ पडतात. ते आयुष्यभर जात नाहीत. विशीतली पोरं येतात माझ्याकडे असे वळ घेऊन.

दादा: मी एकटाच विकतो का?

डॉक्टर: नाही. म्हणूनच तर देशभर हे झालं. गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा भारतात बदललाय. आधी दोन आठवडे मलम लावलं की जायचा, आता घरंच्या घरं महिनोन्‌महिने खाजवत बसलेली असतात. हा हट्टी नायटा करणाऱ्या बुरशीला नाव मिळालं २०२० मध्ये, तेही जपानात. तिथे राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाकडून ती मिळाली. ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे आमचं हक्काचं औषध, ते ज्या जागी घाव घालतं ती जागाच हिनं बदलून घेतलीय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांची नोंद केली. त्यातली एक बांगलादेशात जाऊन आलेली, दुसरी कुठेच गेली नव्हती.

दादा: म्हणजे भोरमधल्या माझ्या ट्यूबमुळे न्यूयॉर्कला नायटा?

डॉक्टर: तुझ्या एका ट्यूबमुळे नाही. अशा कोट्यवधी ट्यूबांचा हात त्यात आहे असं आमच्यातले बरेच जण मानतात. २०१८ मध्ये सरकारनं उगाच १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली नाहीत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, खोक्यावर लिहिलेलं असतं.

दादा: लिहिलेलं असतं. मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक तेच मलम पुढच्या दुकानातून घेतं आणि वर गावात सांगतं, तो फार शहाणा झालाय.

इथे डॉक्टर गप्प बसल्या. कायदा झाला, पण कायद्यानं सांगितलेली चिठ्ठी लिहून देणारा माणूस पन्नास-साठ किलोमीटरवर असेल तर दुकानदारच डॉक्टर होतो, ही दादाची तक्रार मला खोटी वाटत नाही. त्यावर "म्हणून स्टेरॉइड दे" हे उत्तर मात्र पटत नाही. नुसत्या बुरशीवरची मलमं त्याच्या त्याच फळीवर शेजारी असतात. ती देता येतात. फक्त त्यांनी खाज पहिल्या रात्री थांबत नाही, चार-सहा दिवस लागतात, हे गिऱ्हाइकाला सांगायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जातो.

मग गाडी कपड्यांवर आली आणि तिथे दादा जिंकला.

डॉक्टर: निम्मं दुखणं कपड्यांनी टळतं. गादीवाली सायकलची चड्डी घ्यावी, आत दुसरी चड्डी घालू नये. लोक लाजेनं घालतात आणि शिवण परत आलीच.

दादा: जानेवारी २०२६ मध्ये ती पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, तेव्हापासून जो उठतो तो असली चड्डी घालतो. ठीक आहे, शर्यत जानेवारीत होती. जुलैमध्ये ती गादी वाळते का तुझी? वेल्ह्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आमची सुती चड्डी चुलीवरच्या दोरीला रात्री टाकली की सकाळी खडखडीत, वास येतो धुराचा तेवढा. तुमचा तो स्पंज तिसऱ्या दिवशीही दाबला तर पाणी सुटतं. तीच घालून पोरं परत निघतात. मग बुरशीला पाळणाच मिळाला की.

डॉक्टर: हे तुझं बरोबर आहे.

दादा: काय म्हणालीस? परत म्हण.

डॉक्टर: बरोबर आहे म्हटलं! ओली गादी घालण्यापेक्षा कोरडा, घट्ट, बिनशिवणीचा साधा कपडा बरा. पावसाळ्यात गादीवाली चड्डी हवीच असेल तर दोन जोड, धुतल्यावर टॉवेलात गुंडाळून पिळायची, उलटी करून पंख्याखाली. हाताला जराही गार लागली तर घालायची नाही. पण खरी घाण सवय वेगळीच. राइड संपली की मंडळी ओल्या चड्डीत मिसळीला बसतात. तर्री मागवतात, फोटो काढतात, मग बनेश्वरच्या देवळात जातात. दीड तास ते सगळं तिथे उबत असतं. पिशवीत एक कोरडी सुती चड्डी आणि पंचा ठेवला, सायकलवरून उतरल्यावर आधी कपडे बदलले आणि मग मिसळ खाल्ली, तर माझे निम्मे पेशंट कमी होतील.

दादा: आणि माझी गिऱ्हाइकं.

डॉक्टर: ज्याला नायटा आहे त्याचे कपडे वेगळे धुवायचे. कोंड्यातून पडलेली बुरशी कापडात आठवडेच्या आठवडे तग धरते. साठ अंशांचं पाणी, म्हणजे हात घालवत नाही इतकं गरम. त्यात भिजवायचे, मग उलटे करून उन्हात.

दादा: ऊन कुठून आणू?

डॉक्टर: मग शिवणींवरून गरम इस्त्री. घरात सगळ्यांना मिळून एकच पंचा, हे बंद. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्याचंही औषध त्याच वेळी सुरू, नाहीतर नायटा घरातल्या घरात फिरत राहतो. आणि एक, करगोटा काढायचा.

दादा: काय?

डॉक्टर: कमरेचा करगोटा. कायम ओला, कायम कातडीला चिकटलेला. त्याच्याखाली बुरशी मजेत राहते. बरं वाटेपर्यंत काढायचा, नंतर नवा बांधायचा.

दादा: हे तू आईला सांग. मी सांगणार नाही.

करगोट्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. दादाची आई आतल्या खोलीत होती आणि तिला ऐकू चांगलं येतं.

आवणीच्या दिवसांत भातखाचरात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्याचाही इथे संबंध आहे. बेचक्यातली कातडी पाण्यानं सडते आणि तिथे बुरशी शिरते. माणूस चड्डी चढवताना ती त्याच पायांवरून वर जाते आणि बुरशी बेचक्यातून जांघेत पोचते. सायकलवाल्यांचे ओले बूट-मोजे हेच काम करतात. त्यामुळे आधी कोरडे मोजे घालायचे, मग चड्डी. पायांवरचा उपचार राहिला तर जांघेतला कितीही केला तरी फुकट जातो.

घरगुती औषधांवर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. टाकळ्याचा पाला आणि बिया नायट्यावर लावायची चाल जुनी. डॉक्टरांचा त्याला राग नाही, भरवसाही नाही. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खावी, एवढंच त्यांचं मत. रॉकेल आणि बॅटरीचं पाणी लावून जांघ भाजून घेतलेली माणसं दोघांनीही पाहिलीत. व्हिटफिल्डचं मलम दादाला आवडतं: सहा टक्के बेंझोइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं, स्वस्त. वरची मेलेली कातडी सोलून बुरशीसकट काढतं. पायाच्या जाड कातडीला उत्तम. जांघेत लावलं तर माणूस उड्या मारतो.

डॉक्टर: सायकल म्हटलं की तुला जर्सीवाले आठवतात. शाळेच्या मुली का आठवत नाहीत?

दादा: त्या कुठे येतात माझ्याकडे?

डॉक्टर: तेच म्हणते. पुरुष दुकानदाराकडे कुठली मुलगी येणार? पाच-सहा किलोमीटर सायकल मारून शाळेत, पावसात भिजलेला गणवेश, आणि त्याच ओल्या कपड्यांत संध्याकाळपर्यंत बाकावर. आठवीच्या मुलीला आणि दहावीच्या मुलीला सायकल एकाच मापाची, सीट एकाच उंचीला. सायकली वाटल्या की फोटो निघतात. पाना घेऊन सीट कोणी लावून देत नाही.

दादा: सीटचा आणि खाजेचा काय संबंध?

डॉक्टर: सीट उंच असली की प्रत्येक पायडलला कंबर इकडून तिकडे डोलते. डोलली की घासलंच. टाच पायडलवर ठेवून पाय खाली पूर्ण सरळ झाला पाहिजे, तेवढी उंची. सीटचं नाक वर असेल तर पुढचा नाजूक भाग चेंगरतो, ते सपाट किंवा किंचित खाली हवं. काचणं सारखं एकाच बाजूला होत असेल तर औषध बाजूला ठेव आणि सीट वाकडी आहे का बघ. आणि पाळीच्या दिवसांत तर पॅडच्या कडा दोन्ही मांड्यांना कापतात. ओलं पॅड, ओली चड्डी, वर सीट. मुली त्या दिवसांत सायकल हातात धरून चालत येतात, नाहीतर घरी राहतात. लोकांना वाटतं पोटात दुखतंय.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. त्याची मुलगी आठवीत आहे.

दादा: मग करायचं काय त्यांनी?

डॉक्टर: निघण्याआधी मांडीच्या घडीत व्हॅसलीनचा हात. सुती, मांडी झाकणारी लांब चड्डी, म्हणजे कातडीला कातडी घासत नाही. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा जोड. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, भिजलं असेल तर लगेच. त्याला शाळेत दार लागणारी, पाणी असलेली मोरी हवी. ते मलमाच्या ट्यूबमध्ये मिळत नाही.

वरच्या दर्जाच्या सायकलपटूंनाही हे काचण्याचं दुखणं चुकलेलं नाही, आणि त्यांच्यामुळे ते निदान उघडपणे छापून तरी आलं. १९८७ मध्ये आयर्लंडचा शॉन केली स्पेनच्या वुएल्टा शर्यतीत आघाडीवर असताना सीटला टेकणाऱ्या जागच्या गळवामुळे बाहेर पडला. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये लोरां फिन्यों अखेरच्या दिवशी ग्रेग लेमाँडकडून ८ सेकंदांनी हरला, तेव्हा तोही अशाच फोडानं बेजार होता. काचलेल्या जागी केसांच्या मुळांत जंतू शिरले की असं गळू होतं. ते पिळायचं नाही, गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं. वाढलं, ठणकलं, ताप आला तर थेट दवाखाना. तिथले केस वस्तऱ्यानं काढायचे नाहीत, कारण जंतूंना तीच वाट मिळते. हवेच असतील तर कात्रीनं बारीक करावेत.

शेवटी विषय पैशावर आला. तिथे तो येणारच होता.

दादा: समजा मी तुझं ऐकलं. स्टेरॉइडवालं बंद, नुसतं बुरशीचं मलम. तरी लोक परत येतातच की. गोळ्या मागतात.

डॉक्टर: इट्राकोनॅझोल देतोस?

दादा: चिठ्ठी असली तर. आणि ती घेऊन पित्त होतं म्हणून सोबत पित्ताची गोळीही नेतात.

डॉक्टर: झालं! त्या कॅप्सूलला पोटात आम्ल आणि अन्न लागतं, तेव्हा ती अंगात उतरते. पित्ताची गोळी आम्लच मारते. महागाची कॅप्सूल, तिचा अर्धा उपयोग बुडाला. जेवणाबरोबर घ्या, पित्ताची गोळी टाळा, एवढं तू सांगू शकतोस. हृदय कमजोर असेल, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल, तर मात्र डॉक्टरशिवाय नाहीच.

दादा: डॉक्टर, डॉक्टर. आणायचा कुठून?

डॉक्टर: भोरला सरकारी रुग्णालय आहे. ई-संजीवनी आहे, फोनवर डॉक्टर बोलतो.

दादा: रेंज मिळाली तर. आणि जांघेचा फोटो काढून पाठवणारा माणूस मला वेल्ह्यात दाखव.

डॉक्टर: तोंडी सांगितलं तरी पुष्कळ कळतं. गोल आहे का, कड आहे का, घरात अजून कुणाला आहे का, आधी काय लावलं. हे चार प्रश्न तूही विचारू शकतोस. पण मला सांग, मलम किती देतोस?

दादा: एक ट्यूब. पंधरा ग्रॅमची.

डॉक्टर: हिशेब कर. बोटाच्या पहिल्या पेरावर मलमाची रेघ काढली की अर्धा ग्रॅम. त्यात दोन तळव्यांएवढी जागा होते. डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं असतं, म्हणजे एका जांघेला तेवढं लागणारच. दोन जांघा, दिवसातून दोनदा.

दादा: दोन ग्रॅम रोजचे.

डॉक्टर: साधारण चार आठवड्यांत डाग जातात. गेल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं. इथेच सगळे सोडतात, खाज थांबली की ट्यूब फेकतात. धर सहा आठवडे.

दादानं बिलाच्या मागे आकडेमोड केली. रोज दोन ग्रॅम, ४२ दिवस, ८४ ग्रॅम.

दादा: सहा ट्यूबा.

डॉक्टर: सहा. आणि तू एक देतोस, ती आठवड्यात संपते, आणि मग नायटा हट्टी आहे म्हणतोस.

दादा: म्हणजे नीट औषध विकलं तर माझा धंदा सहापट?

डॉक्टर: एकदाच. नंतर तो माणूस परत येणार नाही.

दादा: मग तोट्याचंच झालं की.

डॉक्टर: सहा ट्यूबा एकदम नेल्या तर किती सोडशील?

दादा: दहा टक्के.

डॉक्टर: वीस. नाहीतर मी सगळ्यांना जनऔषधीत पाठवते.

दादा: पंधरा. आणि चिठ्ठ्या लिहायला महिन्यातून एक रविवार तू इथे बसायचंस. फी घ्यायची नाही. सायकलवरून येतेसच ना?

डॉक्टर: बसेन. त्या दिवशी तुझ्या फळीवर ते तीन औषधांचं मलम दिसलं तर उठून जाईन.

दादा: आणलेला माल संपेपर्यंत तरी थांब.